पोलिओ गेला, मग वर्गणी कशाला?

प्रश्न : कॅशियरकाका, नमस्कार. आमची राजारामपुरीत अकरा जणींची भिशी आहे. यंदा दिवाळीत आम्ही पहिल्यांदाच फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. चकली, चिवडा, अनारसे. सगळा खर्च वजा जाता ३१,९०० रुपये उरले. आमच्यातल्या एकीचे मिस्टर रोटरीत आहेत, त्यांच्या सांगण्यावरून हे पैसे पोलिओ निर्मूलनाला द्यायचं ठरलं. घरी सांगितलं तर सासरे म्हणाले, "पोलिओ हाय कुठं आता? मेलेल्या सापाला काठ्या घालताय व्हय? त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला तीनचाकी घेऊन द्या, डोळ्याला तरी दिसंल." त्यात दोघींना कुणीतरी सांगितलं की हा पैसा पाकिस्तान-अफगाणिस्तानात जातो. त्या म्हणतात, आमचा वाटा परत द्या. भिशी मोडायची वेळ आली आहे. काय करावं?
(एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : ताई, या सदरात मला एरवी पतसंस्थेतली ठेव, वारस नोंद आणि सोनेतारण यांबद्दल पत्रं येतात. तुमचं पत्र संपादकांनी पाठवलं तेव्हा वर पेन्सिलीने लिहिलं होतं, "हे तुमच्यासाठीच आहे." त्यांना माझा डावा पाय माहीत आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो, या प्रश्नात मी तटस्थ माणूस नाही.

१९५९ चा पावसाळा. मी दोन वर्षांचा. आम्ही मंगळवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. मला ताप आला, आईने कडेवर घेऊन डॉक्टरकडे नेलं, त्यांनी सुई दिली. तिसऱ्या दिवशी मी उठून उभा राहायला गेलो आणि डावा पाय चिंधीच्या बाहुलीसारखा दुमडला. आई मरेपर्यंत म्हणायची, "त्या सुईनं माझ्या लेकाचा पाय खाल्ला." डॉक्टरांना ती कमी बोलायची, स्वतःला जास्त. मीच नेला, मीच धरून ठेवला, असं. मी रिटायर झाल्यावर एका मेडिकल ऑफिसरांनी चहा पिता पिता मला समजावलं की ताप पोलिओचाच असणार. विषाणू आधीच अंगात असताना स्नायूत सुई टोचली, तर नेमक्या त्या पायाला लकवा होण्याची शक्यता वाढते. मंगळवार पेठेतल्या डॉक्टरला १९५९ साली हे कुठून माहीत असणार? आणि सुई दिली नसती तर पाय वाचलाच असता, असंही कुणी सांगू शकत नाही. आईला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. तिला हे सांगायचं राहिलंच.

आता एक हिशेब बघा. मला पोलिओ झाला तेव्हा जगात लस होती. १२ एप्रिल १९५५ ला अमेरिकेत जाहीर झालं की जोनास साल्क यांची लस चालते. आदल्या वर्षी तिच्या चाचणीत सुमारे १८ लाख मुलांनी भाग घेतला होता, आणि त्या सगळ्याचा पैसा आला होता वर्गणीतून. रूझवेल्ट, त्यांचे राष्ट्राध्यक्ष, स्वतः ३९ व्या वर्षी पोलिओ होऊन कमरेखाली अधू झालेले. १९३८ साली त्यांनी पोलिओसाठी संस्था काढली आणि रेडिओवरून लोकांना आवाहन झालं, एक-एक डाईम थेट अध्यक्षांच्या घरी पाठवा. डाईम म्हणजे दहा सेंटचं नाणं. २६ लाखांहून अधिक डाईम आले. पोती भरभरून टपाल, आणि त्यात सरकारी पत्रं कुठं ती सापडेनात.

माझ्या पुतण्याने तिकडून मला एक डाईम आणून दिला आहे. आपल्या स्टीलच्या जुन्या चार आण्यापेक्षाही किंचित लहान. १९४६ पासून त्यावर रूझवेल्टांचंच तोंड आहे. मी आयुष्यभर कॅश काउंटरला बसलेला माणूस. जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर आमच्याकडे गुलालात माखलेली नाणी यायची, मोजून झाली की बोटं दोन दिवस गुलाबी राहायची. २६ लाख नाणी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला, मोजली कुणी? लस वगैरे नंतर आठवली.

तर लस १९५५ ला झाली. आपल्या सरकारच्या लसीकरण कार्यक्रमात पोलिओचा डोस आला १९७९ ला. तोवर मी पायात कॅलिपर, म्हणजे चालण्यासाठीचा धातूचा आधार, घालून बँकेत लागलो होतो. म्हणजे माझ्या पायापुरतं बघायचं तर लस वेळेत तयार झाली, वेळेत पोचली नाही. ताई, तयार होणं आणि पोचणं या खतावणीतल्या दोन वेगळ्या रकमा आहेत. पहिलीची माणसं पुस्तकात येतात. तुमचे ३१,९०० दुसरीत जमा होणार.

आता सासऱ्यांचा मुद्दा. पोलिओ हाय कुठं? ते बरोबर बोलतात, इथे नाही. १९८८ साली जगभरात वर्षाला साडेतीन लाख मुलं यानं लुळी पडत होती, १२५ देशांत. २००९ साली भारतात ७४१ रुग्ण होते, जगात सगळ्यांत जास्त. २०१० ला ४२. २०११ ला एक. १३ जानेवारी २०११, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची एक मुलगी, आणि त्यानंतर मूळ (म्हणजे लसीतून न आलेल्या) विषाणूचा रुग्ण नाही. २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशी मी माझ्या पैशाने तालमीत पेढे वाटले. पोरं विचारत होती, काका, नातू झाला का?

पण हा रोग ज्याला झाला त्याच्या अंगावर दिसतोच असं नाही, तिथेच सगळी गोम आहे. विषाणू अंगात शिरलेल्या सुमारे दोनशे जणांत एकाचा पाय जातो. उरलेल्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही, फार तर ताप, घसा, जुलाब. ती मुलं हसतात, खेळतात आणि शौचावाटे विषाणू पसरवत राहतात. म्हणजे एक लुळा पाय दिसला की समजायचं, गावात शंभर-दोनशे जण घेऊन फिरताहेत. आमच्या बँकेत दोन-तीन रुपये शिल्लक असलेली खाती असायची. साहेबांना ती दिसायची नाहीत, पण वर्षअखेरीला ताळा जुळेना, की त्यातलंच एखादं निघायचं.

मूळ विषाणू आता दोनच देशांत सतत फिरतो आहे, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. तुमच्या दोन मैत्रिणींचा आक्षेप इथेच आहे, आणि त्यांना कुणी चुकीचं सांगितलेलं नाही. पैसा तिकडे जातो, कारण रोग तिकडे आहे. पाकिस्तानात २०२१ साली अख्ख्या वर्षात एक रुग्ण होता, सगळ्यांना वाटलं आता संपलं. २०२४ ला सत्तरहून अधिक झाले. तिथे डोस पाजायला दारोदार जाणाऱ्या बायकांना आणि त्यांच्या पहाऱ्यावरच्या पोलिसांना गोळ्या घालून मारलं आहे. त्या बायका तरी पुढच्या फेरीला पुन्हा निघतात.

दोघींना एक गोष्ट सांगा. २०१० साली ताजिकिस्तानात साडेचारशेहून अधिक जण पोलिओने लुळे पडले. त्या देशात वर्षानुवर्षं पोलिओ नव्हता. विषाणूचा माग काढला तेव्हा तो उत्तर भारतातून गेलेला निघाला. आपला माल. तेव्हा तिथल्या कुठल्या बाईनं म्हटलं नसेल का, की ह्या भारतवाल्यांसाठी आम्ही का भोगायचं? आणि त्याच काळात जपान, अमेरिका, युरोपातले लोक आपल्या उत्तर प्रदेश-बिहारसाठी वर्गणी काढत होते. खरं सांगायचं तर भारतात झालेल्या खर्चाचा मोठा भाग आपल्याच सरकारने उचलला, ते श्रेय दुसऱ्याला देऊ नका. पण बाहेरचा पैसा आला, माणसं आली, आणि आपण घेतली.

रोटरीचं म्हणाल तर १९८५ मध्ये त्यांनी पोलिओसाठी १२ कोटी डॉलर जमवायचे ठरवले आणि १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमवले. जगातल्या सगळ्या सरकारांनी मिळून निर्मूलनाचा ठराव केला तो १९८८ मध्येच. म्हणजे सरकारं उठायच्या आधी क्लबवाले डबे घेऊन निघाले होते. त्या ठरावात २००० सालापर्यंत पोलिओ संपवायचं म्हटलं होतं. ती तारीख केव्हाच गेली, पुढच्याही गेल्या. मी बँकेत असतो तर हे खातं थकबाकीत दाखवलं असतं. सासऱ्यांनी हे विचारलं तर लपवू नका.

तरीही मी द्या म्हणतो, त्याचं कारण माझ्या दंडावर आहे. देवी काढल्याची मोठी गोल खूण. माझ्या मुलीच्या दंडावर ती नाही. १९८० साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं आणि देवीची लस टोचणं बंद झालं. घरोघरच्या मुलांना देवी टोचण्यावर आज जगात कुणाला दर वर्षी खर्च करावा लागत नाही. मंदिराची वर्गणी, शाळेची वर्गणी, गणपतीची वर्गणी दर साली येते आणि यावीच. खातं कायमचं बंद करण्यासाठी मागितली जाणारी वर्गणी मला तरी ही एकच माहीत आहे. ती शेवटच्या हप्त्याला अडली तर आधीची मुद्दल वाया जाते, हे तुमच्या भिशीत कुणाला समजावून सांगायला नको.

आणि हा पैसा जातो कशात? लोकांना वाटतं, औषधात. औषधाचे थेंब दोन. उरलेलं सगळं चालणं आहे. मी रिटायर झाल्यापासून पल्स पोलिओच्या रविवारी आमच्या तालमीच्या पायरीवरच्या बूथला बसतो. टॅली शीट माझ्याकडे असते. सकाळी सातला आशाताई निळा डबा घेऊन येतात, आत बर्फाच्या पट्ट्या, मधे कुप्या. प्रत्येक कुपीच्या लेबलवर एका गोलात लहान चौकोन असतो. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो, गोलाइतका काळा झाला की कुपी बाद. मी रोज हजाराच्या नोटा उजेडात धरून बघितल्यात, तसं त्या कुपी डोळ्यासमोर धरून बघतात. दोन थेंब तोंडात, डाव्या करंगळीवर शाईची खूण, माझ्या शीटवर एक रेघ. दुपारपर्यंत बूथ संपतो आणि खरं काम सोमवारी सुरू होतं. घरोघरी जायचं, सगळी मुलं झाली असतील तर दारावर खडूने पी लिहायचं, एखादं राहिलं असेल तर एक्स. एक्सच्या दारात पुन्हा जायचं.

एका हंगामात मी हट्टाने त्यांच्याबरोबर बावड्याच्या बाजूला ऊसतोड मजुरांच्या खोपींवर गेलो. सकाळी साडेसातला पोचलो तर खोपी रिकाम्या. टोळी पहाटे चारलाच फडात गेलेली. एक आठ वर्षांची पोरगी, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. करंगळी दाखव म्हटलं तर दोघांचे हात पाचटाच्या काजळीने असे काळे, की शाई आहे का नाही कळेना. पोरगी म्हणाली, "आईला इचारल्याशिवाय न्हाई पाजायचं." आशाताई म्हणाल्या, "मी सांजच्याला परत येतो." (बाहेरगावच्या वाचकांसाठी : आमच्या कोल्हापुरात बायकाही येतो-जातोच म्हणतात.) आणि त्या रात्री आठला, अंधारात, मोबाईलच्या उजेडात परत गेल्या. दोन थेंबांसाठी दोन खेपा. ह्या दुसऱ्या खेपेचा खर्च आपल्याकडे सरकार करतं. जिथे सरकारचा हात पोचत नाही तिथे वर्गणी करते.

राहिली तीनचाकी. ती त्या पानपट्टीवाल्या भावाला मिळालीच पाहिजे, पण भिशीच्या पैशातून का? केंद्र सरकारची सहाय्यक साधनांची योजना आहे, त्यातून तीनचाकी मिळते. शिवाय महापालिका असो की ग्रामपंचायत, दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावाच लागतो. लागतं काय, तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. प्रमाणपत्रासाठी सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात, जावं लागेल, रांग असते, दोन-तीन चकरा होतील. हे काम तुमच्या सासऱ्यांकडे द्या. त्यांना तीनचाकी डोळ्याने बघायची आहे आणि माझ्या अंदाजाने त्यांच्याकडे वेळही आहे.

आता पैशाचं. अकरा जणींत ३१,९०० म्हणजे प्रत्येकी २,९००. ज्या दोघी नको म्हणतात त्यांचे ५,८०० आजच परत करा. कुरकुर न करता, टोमणा न मारता. मनाविरुद्ध घेतलेली वर्गणी ही वसुली असते. उरले २६,१००. रोटरीमार्फत पोलिओला दिले तर २०१३ पासून गेट्स फाउंडेशन प्रत्येक डॉलरमागे आपले दोन घालतं, सध्या रोटरीने जमवलेल्या वर्षाला ५ कोटी डॉलरपर्यंत. म्हणजे तुमचे २६,१०० चे ७८,३०० होतात. असा व्याजदर मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. नऊ जणींनी आपापल्या खात्यातून २,९०० पाठवा, एकीने सगळे भरू नका. पावती ज्याच्या नावाची, आयकराची सूट त्याला. २,००० च्या वर रोख दिलेल्या देणगीला ही सूट मिळत नाही, म्हणून रोख नको. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना ही सूट नाहीच, तेव्हा त्या आशेवर कुणाला तयार करू नका.

---

प्रश्न : काका, आम्ही शिवाजी पेठेतली पोरं. गणपतीत डॉल्बीचा खर्च कमी करून पोलिओ आणि लसीकरणासाठी मदतफेरी काढायची आहे. महाद्वार रोड ते बिंदू चौक डबे घेऊन फिरणार, क्यूआर कोडपण छापणार. शेवटी कार्यक्रमात पोलिओ झालेल्या एखाद्या व्यक्तीला स्टेजवर बोलावून सत्कार केला तर लोकांच्या काळजाला हात घातल्यासारखं होईल आणि पैसे जास्त पडतील, असं काहींचं मत आहे. तुमचा सल्ला?
(मंडळाचा कार्यकर्ता)

उत्तर : डॉल्बी कमी करताय त्याबद्दल आधी तुमच्या तोंडात पेढा घालतो. माझं घर मिरवणुकीच्या मार्गावर आहे.

मंडळ नोंदलेलं असेल तर ठीक, नसेल तर वर्गणीच्या आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कलम ४१ क ची परवानगी काढा. गणपतीसाठी काढता ती वेगळ्या कारणासाठी असते, पोलिओचं कारण अर्जात स्पष्ट लिहा. डब्याला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर दोघांच्या सह्या घ्या, अशी की पट्टी फाटल्याशिवाय डबा उघडणार नाही. डबे एकाच जागी, सगळ्यांसमोर फोडा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने परत मोजायचं, तिसऱ्याने लिहायचं, आणि आकडा त्याच रात्री फलकावर. मी बँकेत शिकलो ते एवढंच, की चोरीपेक्षा संशय महाग पडतो. क्यूआर कोड कुणाच्या वैयक्तिक खात्याचा नको. "सध्या माझा टाका, नंतर वळवू" असं जो म्हणेल तो प्रामाणिक असला तरी नको.

आता सत्काराचं. मी नऊ वर्षांचा होतो. गावात एका संस्थेने मदतनिधीचा कार्यक्रम ठेवला. संस्था कुठली ते सांगत नाही, आता ती माणसं हयात नाहीत. मला नवी चड्डी शिवली, मुद्दाम आखूड, कॅलिपर दिसावं म्हणून. बूट सुभाषनगरातल्या एका कारागिरानं केलेला, एक टाच दोन इंच जाड. मला सांगितलं, पडद्यापासून माईकपर्यंत चालत ये. मी रोज घरी, शाळेत, अंगणात चालायचो, त्याचं मला काही वाटायचं नाही. त्या दिवशी लोक गप्प झाले आणि फळ्यांवर कॅलिपरचा आवाज एकट्याचा यायला लागला. टक्, खर्र. टक्, खर्र. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळ्याला पदर लावला. मग कुणीतरी नाणं फेकलं आणि मग पडतच राहिली. एक माझ्या कानावर लागलं. पैसे चांगले जमले म्हणतात. आईने ती चड्डी त्याच रात्री चुलीत घातली.

अमेरिकेतही डाईमच्या काळात कुबड्यांवरच्या गोड चेहऱ्याच्या मुलांची पोस्टरं लावून पैसे जमवत. त्या पैशातूनच लस झाली, हे मला कळतं. माझ्या कानावर पडलेल्या नाण्यातूनही कुणाचं भलं झालं असेल. तरी करू नका.

आणि आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मूळ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण २०११ चा. तुम्ही ज्याला स्टेजवर बोलवाल तो बहुधा माझ्यासारखा साठी-सत्तरीचा म्हातारा असेल, किंवा कुठल्या तरी ऑफिसात काम करणारा पन्नाशीचा माणूस. त्याला बोलवायचंच असेल तर मोजणीला बोलवा. डबे फोडायच्या टेबलापाशी खुर्ची द्या. मी येईन. एकच अट, टेबल तळमजल्यावर हवं. गेली काही वर्षं माझ्या चांगल्या उजव्या पायातही बळ कमी होत चाललंय. आयुष्यभर एका पायाने दोघांचं काम केलं, त्याचं बिल आता आलं. पोलिओ झालेल्या अनेकांना तीस-चाळीस वर्षांनी असं होतं, डॉक्टरांकडे त्याला नाव आहे. तुमच्या पेठेत कुणी जुना पोलिओवाला "आता चालवत नाही" म्हणत असेल तर त्याला आळशी ठरवायच्या आधी डॉक्टरकडे न्या.

स्टेजवर कुणाला उभं करायचंच तर तुमच्या वॉर्डातल्या आशाताईंना करा. सत्काराला शाल नको, चांगली छत्री द्या.

---

प्रश्न : माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. जन्मल्यापासून सगळे डोस वेळेवर झालेत, कार्डावर शिक्के आहेत. तरी पल्स पोलिओला परत पाजा म्हणून आशाताई दारात. शिवाय तिला थेंबही दिले आणि दंडात सुईपण. एकाच रोगाला दोन-दोन औषधं कशाला? जास्त झालं तर अपाय नाही ना? हा पैशाचा प्रश्न नाही, पण तुम्ही बूथला बसता असं ऐकलं म्हणून विचारते.
(एक आई, कागल)

उत्तर : डॉक्टर मी नाही, तेव्हा बाळ आजारी असेल किंवा शंका असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मी आकडे मांडणारा माणूस आहे, आणि टेबलावर हा प्रश्न मला दर रविवारी पडतो, म्हणून ऐकून ऐकून जेवढं पक्कं झालंय तेवढं सांगतो.

जास्तीच्या थेंबांनी अपाय होत नाही. थेंबांत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, तो आतड्यात जाऊन बसतो आणि खऱ्या विषाणूला जागा ठेवत नाही. आपल्याकडे जुलाब, पोटाचे आजार जास्त, त्यामुळे एखादा डोस नीट बसत नाही. कुठला बसला, कुठला नाही, हे कार्डावरच्या शिक्क्यावरून कळत नाही. म्हणून परत परत. आणि सगळ्या मुलांना एकाच दिवशी पाजलं की विषाणूला राहायला आतडंच उरत नाही, पल्स पोलिओची युक्ती ती आहे.

सुई का, तर थेंबांची एक उणी बाजू आहे. जिथे फार थोड्या मुलांना डोस मिळतात अशा वस्तीत हा दुबळा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो आणि फिरता फिरता कधी कधी पुन्हा जोर धरतो. पोलिओचे तीन प्रकार. दुसऱ्या प्रकाराचा मूळ विषाणू जगातून गेल्याचं २०१५ ला जाहीर झालं, म्हणून २०१६ च्या एप्रिलमध्ये थेंबांतून तो प्रकार काढून टाकला. सुईतल्या लसीत मेलेला विषाणू असतो, तो जोर धरूच शकत नाही, आणि तिच्यात तिन्ही प्रकार आहेत. २०२४ मध्ये गाझात युद्ध चालू असताना दहा महिन्यांच्या एका बाळाचा पाय गेला, तो लसीतून निघून असाच जोर धरलेल्या दुसऱ्या प्रकाराने. तिथे पंचवीस वर्षं पोलिओ नव्हता. मग डोस पाजण्यापुरती काही तास लढाई थांबवली आणि लाखो मुलांना थेंब दिले.

तुमच्या मुलीचं कार्ड काढून पडताळा करा. थेंब जन्मतः, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना. सुई ६ आणि १४ आठवड्यांना, तिसरी नऊ महिन्यांना. त्या सगळ्यांचे शिक्के असतील तर आता राहिला बूस्टर, तो १६ ते २४ महिन्यांच्या मधे. म्हणजे तुम्हाला अजून दोन महिने आहेत, कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आणि पल्स पोलिओचा रविवार मधे आला तर तोही पाजा, तो कार्डाच्या हिशेबात धरायचा नाही.

आशाताई दारात आल्या की करंगळी आधीच पुसून ठेवा. काजळ लावलेल्या हातावर शाई उमटत नाही, आणि मग सोमवारी त्यांना परत यावं लागतं.